हजार फुटांचा न्याय

नोव्हेंबर २००६. कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या ड्रॅग स्ट्रिपवर मोसमातली शेवटची शर्यत आणि तिचीही अंतिम फेरी. टॉप फ्युएल गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवायला टोनी शूमाकरला नुसतं जिंकून भागणार नव्हतं. फेरी जिंकायची आणि त्याच धावेत राष्ट्रीय विक्रमही मोडायचा, तरच तो डग कलिटाच्या पुढे जाणार होता. त्या काळी विक्रमाचे २० गुण वेगळे मिळत. समोर मेलनी ट्रॉक्सेल होती. शूमाकरने पाव मैल ४.४२८ सेकंदांत कापला. शेवटाला वेग होता ताशी ३२७.९८ मैल, म्हणजे जवळजवळ ५२८ किलोमीटर. अजिंक्यपद त्याला अवघ्या १४ गुणांनी मिळालं. अमेरिकेतले ड्रॅग रेसिंगचे शौकीन त्या धावेला आजही ‘द रन’ एवढंच म्हणतात आणि कोणती धाव, असं कुणी विचारत नाही.

ही गोष्ट सांगताना दोन नावं हमखास निघतात. एक शूमाकरचं, दुसरं त्याच्या गाडीची जुळणी ठरवणारा क्रू चीफ अ‍ॅलन जॉन्सन याचं. दोघांचं कौतुक रास्तच आहे. पण गाडीच्या मागच्या दोन टायरांखाली जो ट्रॅक होता, तोही कुणीतरी दिवसभर राबून तसा केला होता. तो ट्रॅक थोडा जरी उतरलेला असता, तर जॉन्सनची सगळी आकडेमोड निळ्या धुरात गेली असती. सेकंदाच्या हजाराव्या भागावर निकाल लागणाऱ्या या खेळात ट्रॅक तयार करणारी माणसं पंचांइतकीच महत्त्वाची असतात, असं माझं ठाम मत आहे. आणि पंचांचं काम जेवढं उघड्यावर चालतं तेवढं यांचंही चालायला हवं.

ड्रॅग रेसिंगचा खेळ वरून अगदी सोपा दिसतो. सरळ ट्रॅक, शेजारीशेजारी दोन लेन, दोन गाड्या. मध्ये ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात तो दिव्यांचा खांब. हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि दुसऱ्याच्या आधी पोचायचं. वॉली पार्क्स यांनी १९५१मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन म्हणजे एनएचआरए स्थापन केली ती रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यती बंदिस्त जागेत आणण्यासाठी. तिच्या व्यावसायिक शर्यतींत टॉप फ्युएल, फनी कार, प्रो स्टॉक आणि प्रो स्टॉक मोटरसायकल असे चार मुख्य गट आहेत. पहिले दोन नायट्रोमिथेनवर धावणारे. त्यांचं अंतर पूर्वी पाव मैल होतं, २००८पासून ते १००० फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर झालं. बाकीचे दोन अजून पाव मैलच धावतात.

टॉप फ्युएल गाडीचं इंजिन ११ हजार अश्वशक्तीच्या आसपास ताकद देतं. ही सगळी ताकद जमिनीला टेकते ती मागच्या दोन टायरांतून. हे टायर दीड फुटाच्या आसपास रुंद असतात आणि त्यांत हवा असते जेमतेम सात पीएसआय. आपल्या घरच्या गाडीत तीस-बत्तीस भरतो. सुटताना टायरच्या बाजूच्या भिंतींना सुरकुत्या पडतात, टायर ट्रॅकवर अक्षरशः पसरतो. पुढे वेग वाढला की तोच टायर फुगून उंच होतो. साठ फूट पार करायला या गाडीला सेकंदही लागत नाही. हजार फूट संपतात तेव्हा घड्याळात पावणेचार सेकंदांच्या आतबाहेर काहीतरी दिसत असतं.

हे ध्यानात घेतलं तरच पुढचं सगळं कळतं, की ट्रॅक्शन कंट्रोल नावाची जी सोय आज साध्या मोटारीतही असते ती या गाड्यांना निषिद्ध आहे. गाडीत कॉम्प्युटर असतो, पण तो नोंदी करतो. चाक घसरायला लागलं म्हणून आपण होऊन ताकद कमी करत नाही. गिअरबॉक्सही नसतो. असतो तो अनेक चकत्यांचा क्लच. तो धावेच्या कितव्या क्षणाला किती घट्ट धरणार हे टायमरवर आधीच लावून ठेवलेलं असतं. म्हणजे गाडी सुरू होण्याआधीच क्रू चीफने ठरवलेलं असतं, की सुटल्यापासून एक सेकंदाने, दोन सेकंदांनी ट्रॅक किती जोर सोसेल. त्याने ट्रॅक आहे त्यापेक्षा चांगला धरला, तर टायर जागच्या जागी फिरतात, धूर निघतो, धाव संपते. कमी धरला तर आणखी वेगळी पंचाईत. टायर गरजेपुरता फिरतच नाही, स्वतःवर दुमडून उलगडायला लागतो आणि गाडी इतकी हादरते की चालकाला समोरचं दिसेनासं होतं. या हादऱ्याला ‘टायर शेक’ म्हणतात. ट्रॅक जितका चिकट तितकी धाव चांगली, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. क्रू चीफला हवा असतो अंदाज बांधता येईल असा ट्रॅक.

असा ट्रॅक तयार कसा करतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. सुरुवातीचा भाग बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा असतो, काही ठिकाणी अर्ध्या अंतरापर्यंत. शर्यतीच्या आठवड्यात आधी जुनं रबर खरवडतात. गाड्यांच्या टायरांतून निघून ट्रॅकवर थरावर थर बसलेलं रबर एका मर्यादेपर्यंत उपयोगाचं असतं, त्यानंतर ते उन्हात मऊ पडतं आणि पापुद्र्यासारखं निघतं. पाती फिरवणारं यंत्र लावून हे थर उतरवतात. मग ट्रॅक्टरच्या मागे जुन्या रेसिंग टायरांची चौकट जोडून, तिच्यावर वजन ठेवून, ती चौकट ट्रॅकवरून पुन्हापुन्हा घासत नेतात, म्हणजे नव्या रबराचा पातळ, सारखा थर बसतो. मग येतो तो फवारा. राळेच्या जातीचं चिकट रसायन अल्कोहोलमध्ये पातळ करून ट्रॅकवर फवारतात. अल्कोहोल उडून जातं, चिकटपणा मागे राहतो. पूर्वी सगळे त्याला व्हीएचटी म्हणत, आता पीजेवन ट्रॅकबाइट हे नाव ऐकू येतं. रसायन किती आणि अल्कोहोल किती, हे प्रमाण हवेवर आणि उन्हावर ठरतं. फवारा किती अंतरापर्यंत न्यायचा हाही निर्णयच असतो. फवाऱ्यावर पुन्हा टायरांची चौकट फिरते.

चिकटपणा मोजण्याचं साधन अगदी साधं असतं. रबराचा एक तुकडा ठरावीक वजनाखाली ट्रॅकवर दाबून धरायचा, टॉर्क रेंचने फिरवायचा आणि तो सुटायला किती जोर लागला ते वाचायचं. डाव्या लेनमध्ये वाचायचं, उजव्या लेनमध्ये वाचायचं, साठ फुटांवर, तीनशे फुटांवर, पुढे आणखी. पण शर्यतीच्या दिवशी स्टार्टिंग लाइनवर क्रू चीफ उभे असतात ते पाहा. पुढची जोडी सुटली की ते आपल्या लेनमध्ये चार पावलं चालत जातात आणि बूट टेकवून टाच फिरवतात. बूट सुटताना चर्र आवाज येतो, तळवा ट्रॅक धरून ठेवतो. कुणी वाकून बोट लावतं. कुणी उन्हाकडे तिरका ट्रॅक बघतं. काळा थर कुठे चमकतो आणि कुठे रबर निघून काँक्रीटचा करडा डाग उघडा पडलाय, ते तिरक्या नजरेलाच दिसतं. हातातल्या उपकरणावर ट्रॅकचं तापमान येतं. हे सगळं झाल्यावर गाडी बर्नआउट करून, चाकं तापवून, मागे येते, आणि तेवढ्या वेळात क्रू चीफ क्लचच्या टायमरवर शेवटचा हात फिरवतो किंवा फिरवत नाही. त्या दोन मिनिटांत तो जे ठरवतो त्यावर आठवडाभराचं काम टांगलेलं असतं.

ही कला एका दिवसात आलेली नाही. पन्नाशीच्या दशकात शर्यती जुन्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर होत. १९५४मध्ये एनएचआरएने ‘ड्रॅग सफारी’ नावाची चार जणांची तुकडी देशभर फिरवली. गावोगावच्या मंडळींना सुरक्षित शर्यत कशी भरवायची ते शिकवणं हे तिचं काम. आजची ‘सेफ्टी सफारी’ तिचीच वारस. अपघात झाला की धावून जाणारी, आग विझवणारी आणि ट्रॅक तयार करणारीही तीच. पकड वाढवण्यासाठी त्या काळात टायरांखाली राळेची पूड टाकण्यापासून ब्लीचमध्ये चाकं फिरवण्यापर्यंत नाना प्रयोग झाले. पुढे चिकट फवारा आला आणि ट्रॅक प्रत्येक संघाने आपापला जमवायची गोष्ट न राहता आयोजकांची जबाबदारी झाली. जबाबदारी आली तसे अधिकारही आले, आणि न्यायाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

व्यावसायिक गटांत रविवारच्या बाद फेऱ्यांना १६ गाड्या घेतात. त्या ठरतात शुक्रवार-शनिवारच्या पात्रता सत्रांत. प्रत्येक गाडीची सगळ्या सत्रांतली सर्वांत चांगली वेळ धरतात आणि त्यानुसार क्रम लावतात. पहिली सोळावीशी, आठवी नववीशी. वेळ हजारांशापर्यंत मोजतात. दोघांची सारखीच आली तर ज्याचा वेग जास्त तो वर. पुढे प्रत्येक जोडीत लेन निवडायचा हक्क सरस वेळेच्या गाडीला. ट्रॅकच्या दोन लेन सारख्या नसतील तर हा हक्क अर्धा विजयच असतो.

इथे एक बारीक पण फार मोलाची गोष्ट आहे. घड्याळ सुरू होतं ते गाडीचं पुढचं चाक प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर. दिवा लागल्यावर चालकाने किती पटकन पाय दाबला, हे बाद फेरीत मोलाचं असतं, पात्रतेच्या वेळेत धरलंच जात नाही. म्हणजे पात्रतेत प्रतिस्पर्धी नाही, चालकाची चपळाई हिशेबात नाही. उरतात गाडी, हवा आणि ट्रॅक. हवेवर कुणाची सत्ता चालत नाही. कोलोरॅडोत मॉरिसनला, समुद्रसपाटीपासून ५८०० फुटांवर, बँडिमिअर स्पीडवे होता. २०२३च्या मोसमानंतर तो बंद झाला. तिथली विरळ हवा इंजिनांचा दम काढायची, पण ती सगळ्यांचाच काढायची. ट्रॅक मात्र माणसाच्या हातात आहे.

आणि तो घटकेघटकेला बदलतो. काळं रबर ऊन शोषतं. हवा ३५ अंशांवर असताना ट्रॅक ५५च्या वर जाऊ शकतो. तशा वेळी चिकट थर तेलकट होतो आणि क्रू चीफला मुद्दाम ताकद कमी करावी लागते. संध्याकाळी ऊन उतरलं की तोच ट्रॅक घट्ट होतो, हवाही दाट होते, इंजिन आणि पकड दोन्ही एकदम सुधारतात. म्हणून विक्रम बहुतेक संध्याकाळच्या सत्रात किंवा थंड दिवसांत होतात. पेनसिल्व्हेनियात रीडिंगजवळच्या मेपल ग्रोव्हला सप्टेंबर २०१९मध्ये टॉप फ्युएल चालक ब्रिटनी फोर्सने १००० फूट ३.६२३ सेकंदांत काढले ते पात्रतेतच.

आता समजा एका सत्रात सोळा-अठरा गाड्या दोन-दोन करून धावतायत. पहिली जोडी आणि शेवटची जोडी यांच्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. सूर्य कलत असेल तर शेवटच्या जोडीला चांगला ट्रॅक मिळतो, चढत असेल तर वाईट. मध्येच ढग आला तर त्या एका जोडीचं नशीब. पहिल्या सत्रानंतर साधारणपणे संथ गाड्या आधी आणि वेगवान गाड्या शेवटी सोडतात. प्रेक्षकांच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, रंगत वाढत जाते. पण याचा अर्थ असा की सोळाव्या जागेसाठी जीव तोडणाऱ्या संघाला आंधळेपणी आधी उतरावं लागतं आणि अव्वल संघाला सात-आठ जोड्या काय झाल्या, कुठे धूर निघाला, हे बघून क्लच लावायची संधी मिळते. ज्याच्याकडे आधीच जास्त माहिती, जास्त पैसा, त्यालाच वरून आणखी माहिती.

पुणे जिल्ह्यातल्या घाटांवर बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. तिथेही गाडा घड्याळाशी धावतो, सेकंदांवर ‘घाटाचा राजा’ ठरतो आणि आपली बारी सकाळच्या दमट मातीवर येते की दुपारी फुफाटा झालेल्या घाटावर, यावर गावकरी रात्रभर वाद घालतात.

ऊन-ढगापेक्षा मोठा आघात म्हणजे तेल सांडणं. नायट्रोचं इंजिन धावेच्या शेवटाला मोडकळीच्या काठावरच असतं. पिस्टन वितळतो, क्रँककेस फुटते आणि लेनभर तेल पसरतं. मग सेफ्टी सफारीची माणसं धावतात. आधी तेल शोषणारी पूड, मग धुणं, घासणं, सुकवणं, पुन्हा फवारा, पुन्हा टायरांची चौकट. अर्धा तास लागतो, कधी जास्त. त्यात बिघडलेली लेन दुरुस्त होते, पण दुसरीसारखीच होते का? एका लेनवर ताजा फवारा, दुसरीवर तासाभराचं जुनं रबर. रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या गाडीचं इंजिन, इंधन, क्लच सगळं अर्ध्या तासापूर्वीच्या ट्रॅकसाठी लावलेलं. ज्या संघाकडून तेल सांडतं त्याचे गुण कापले जातात, दंडही होतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्याची लेन बिघडली त्या पुढच्याला भरपाई काही नाही.

पात्रता म्हणजे सराव, असं कुणी समजू नये. २१ जून २००८ला न्यू जर्सीत एंगलिशटाउनला पात्रतेच्याच सत्रात स्कॉट कलिटाच्या फनी कारचं इंजिन फुटलं, गाडी थांबली नाही, ट्रॅकच्या टोकाला वाळूच्या पट्ट्याच्या पलीकडे गेली आणि तो गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच नायट्रो गाड्यांचं अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर आणलं, थांबायला तेवढी जागा वाढावी म्हणून. ते तात्पुरतं असेल असं अनेकांना वाटलं होतं. ते कायम झालं.

अंतर घटवलं तरी वेग चढतच गेला. २०१७च्या जुलैमध्ये सोनोमाला रॉबर्ट हाइटची फनी कार ताशी ३३९.८७ मैलांवर म्हणजे सुमारे ५४७ किलोमीटरवर गेली, ऑगस्टमध्ये मिनेसोटात ब्रेनर्डला त्यानेच १००० फूट ३.७९३ सेकंदांत काढले. हजार फुटांत हे वेग म्हणजे टायरांसाठी आणि थांबण्याच्या जागेसाठी धोक्याची घंटा. त्या मोसमात एनएचआरएने ट्रॅक पूर्वीइतका चिकट न ठेवण्याचं धोरण घेतलं. ट्रॅकची पकड कमी केली की क्रू चीफ आपोआप ताकद आवरतात, असा त्यामागचा विचार. पिटमध्ये त्यावर बरीच नाराजी उमटली. पुढच्या वर्षी एक्झॉस्टच्या नळ्या किती मागे झुकवायच्या यावरही बंधन आलं, कारण मागे झुकलेल्या नळ्यांतून बाहेर पडणारा जोर गाडीला पुढेही ढकलतो.

या दोन उपायांत मला मोठा फरक दिसतो. नळीचा कोन नियमपुस्तकात लिहिता येतो, मोजता येतो; तपासणीत ज्याचा चुकेल तो बाहेर. ट्रॅकची पकड कमी करणं हा मात्र दर शर्यतीला, दर सत्राला कुणाच्या तरी अंदाजाने घेतला जाणारा निर्णय आहे. वेग आवरायला हवा याबद्दल दुमत नाही, माणसं मरतात. पण तो आवरण्यासाठी ट्रॅकच वापरला, तर मोजपट्टीचीच लांबी बदलल्यासारखं होतं आणि ती किती बदलली हे सगळ्यांना सारखं कळेलच याची खात्री नसते.

कमी पकडीचा ट्रॅक कुणाला मारक, यावर क्रू चीफांतच दोन तट आहेत. एक म्हणतो, चिकट ट्रॅकवर नुसती ताकद जिंकते. ज्याच्या इंजिनाला जास्त पैसा, तो पुढे. ट्रॅक निसरडा असला की डोकं चालवावं लागतं आणि लहान संघालाही संधी मिळते. ऐकायला हे छान आहे. पण लहान संघाचा हिशेब बघा. टायर फिरले की इंजिन मोकळं सुटतं, आवर्तनं एकदम चढतात, भाग तुटतात. मोठा संघ पुढच्या सत्राला दुसरं इंजिन लावतो. लहान संघाकडे शनिवार दुपारपर्यंत धड सुपरचार्जर उरत नाही. शिवाय निसरड्या ट्रॅकवर योग्य जुळणी शोधायला धावा लागतात आणि धावांच्या नोंदी ज्याच्याकडे जास्त, त्यालाच ती लवकर सापडते. एकाच मालकाच्या तीन-चार गाड्या असतील तर पहिलीने जे शिकलं ते चौथीला धावेआधी कळतं. एकट्या गाडीच्या संघाला कोण सांगणार? म्हणून माझा कौल पहिल्या तटाच्या विरोधात आहे. चांगला, स्थिर, दोन्ही लेनमध्ये सारखा ट्रॅक गरिबाला जास्त उपयोगी पडतो.

सारख्या लेनसाठी खर्चही झाला आहे. बँडिमिअरला स्टार्टिंग लाइनजवळच्या काँक्रीटखाली थंडावा खेळवणाऱ्या नळ्या घातल्या होत्या, दुपारीही सुरुवातीचे फूट तापू नयेत म्हणून. ब्रूटन स्मिथ यांनी शार्लट इथे २००८मध्ये झीमॅक्स ड्रॅगवे उभा केला तो सुरुवातीपासून शेवटापर्यंत काँक्रीटचा, चार लेनचा. २०१०पासून तिथे चार गाड्या एकदम सोडायची राष्ट्रीय शर्यत सुरू झाली. चार गाड्यांच्या या शर्यतीला जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली, पण तिने एक स्वच्छ तत्त्व रूढ केलं. पात्रतेची चार सत्रं, चार लेन; प्रत्येक गाडीने प्रत्येक लेनमध्ये एकदा धावायचं. कुठलीही लेन बरी-वाईट असो, ती सगळ्यांच्या वाट्याला आली.

नेहमीच्या दोन लेनच्या शर्यतीतही चार सत्रं होती तोवर हेच साधत होतं. सत्रागणिक लेन बदलायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोनदा डावी, दोनदा उजवी. २०२०मध्ये करोनामुळे वेळापत्रक आखडलं, सत्रं कमी झाली आणि नंतरही अनेक शर्यतींत ती पुरती परत आली नाहीत. तिथे शुक्रवारी संध्याकाळी एक आणि शनिवारी दोन, अशी तीनच उरली. त्यामागे कारणं आहेत. प्रत्येक धावेला इंजिन उघडून पुन्हा बांधायचं, भाग बदलायचे, हा खर्च संघांना जड जातो आणि कमी सत्रांचं त्यांच्यातल्याच अनेकांनी स्वागत केलं. पण तीन हा आकडा विषम आहे. अर्ध्या गाड्यांना डावी लेन दोनदा मिळते, अर्ध्यांना उजवी. आणि संध्याकाळच्या ज्या एकाच सत्रात खरी वेळ निघते, त्यात अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे. त्या संध्याकाळी उजव्या लेनवर तेल सांडलं असेल, तर उजवीकडच्या गाड्यांना दुसरी संध्याकाळ नाही. पाऊस आला तर आहे तेवढ्या धावांवर क्रम लागतो. धावांची संख्या घटली की नशिबाचा वाटा वाढतो, हे साधं गणित आहे.

त्यात २०२३पासून शनिवारच्या सत्रांत मागच्या शर्यतीच्या उपांत्य फेरीतल्या चार गाड्यांची आपसातली चुरस घुसवली आहे, वेगळे गुण आणि वेगळं बक्षीस देऊन. प्रेक्षकांना शनिवारी काहीतरी खरंखुरं बघायला मिळतं, त्याचा आनंद आहे. पण तीच धाव पात्रतेतही धरायची म्हणजे एका धावेवर दोन ओझी. जिंकायला खेळायचं की वेळ काढायला, हा पेच त्या चार संघांपुढे उभा राहतो आणि त्यांच्या जोड्या वेळेच्या क्रमाने न लागता मागच्या निकालावर लागतात.

ट्रॅक तयार करणंच नको, असं म्हणणारेही आहेत. अमेरिकेत ‘नो प्रेप’ शर्यतींना मोठा चाहतावर्ग आहे. फवारा नाही, टायरांची चौकट नाही, आहे त्या डांबरावर धावायचं. टीव्हीवरच्या ‘स्ट्रीट आउटलॉज’ने ही चटक लावली. त्यातला थरार मी नाकारत नाही, पण ११ हजार अश्वशक्तीच्या गाडीला तिथे जागा नाही. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’च्या पाव मैलाच्या शर्यती झाल्या तेव्हा मुंबई-पुण्याची तरुण मंडळी आपल्या मोटारी आणि बाइक घेऊन उतरली. विमानासाठी केलेल्या धावपट्टीवर शर्यत, म्हणजे अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात होतं ते इथे आता सुरू आहे. रस्त्यावर रात्री मरणारी पोरं अशा जागी आली तर हवीच आहेत. मग आज ना उद्या इथेही हाच प्रश्न येणार: सकाळी आठला धावलेल्या बाइकची वेळ दुपारी बाराच्या तापलेल्या डांबरावरच्या वेळेशी कशी ताडायची? उत्तर आधी ठरवून ठेवलेलं बरं.

एनएचआरएच्या बाबतीत माझं मागणं साधं आहे. पात्रतेची सत्रं सम संख्येत ठेवावीत, चार जमत नसतील तर दोन, म्हणजे लेनचा हिशेब तरी सरळ राहील. प्रत्येक सत्राआधी दोन्ही लेनमध्ये मोजलेली पकड, ट्रॅकचं तापमान, फवाऱ्याचं प्रमाण आणि तो किती फुटांपर्यंत नेला, हे आकडे सगळ्या संघांना एकाच वेळी द्यावेत आणि प्रेक्षकांनाही दाखवावेत. सत्राच्या मध्यावर तेल सांडून एका लेनची दुरुस्ती झाली, तर दुसऱ्या लेनवरही तेवढाच हात फिरवावा, वेळ गेला तरी. आणि वेग कमी करायचा असेल तर तो गाडीच्या नियमांतून करावा, ट्रॅक गुपचूप उतरवून नको. आकडे मोजले जातातच, टॉर्क रेंच घेऊन माणसं ट्रॅकवर चालतातच. ते फळ्यावर लिहायला एक पैसा जास्तीचा लागत नाही.